जीव नकोसा होणे : तरुणांचे मरण आणि मराठी वाङ्मयाची भाषा

चंदीगडला लागून असलेल्या पंचकुला ह्या नगराचे नाव मराठी कानावर पडले की 'पाच कुळे' असा अर्थ आपसूक मनात उमटतो. प्रत्यक्षात तेथला 'कुल' हा वंशवाचक शब्द नव्हे. घग्गर नदीचे पाणी शेतीकडे वळवणाऱ्या पाटांना त्या मुलुखात 'कुल' म्हणतात आणि अशा पाच पाटांवरून हे नाव पडले. शब्द आपल्या ओळखीचा वाटतो म्हणून आपण त्याचा अर्थ गृहीत धरतो आणि तेथेच चुकतो. ग्रामनामाच्या बाबतीत अशी चूक झाली तर फारसे बिघडत नाही. परंतु एखादा सतरा वर्षांचा मुलगा "मला काही नकोच वाटतं" असे म्हणतो आणि ऐकणारा त्याचा अर्थ 'अभ्यासाचा कंटाळा' असा लावून मोकळा होतो, तेव्हा तीच चूक प्राणावर बेतते. पंचकुल्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचे विभागीय कार्यालय आहे, जवळच चंडीमंदिर येथे लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे आणि सैन्यातील बदल्यांमुळे महाराष्ट्रातील कुटुंबे तेथे येत-जात असतात. अशा कुटुंबातील मुलाने आपले दुखणे सांगावे ते कोणत्या भाषेत? शाळेतल्या हिंदी-इंग्रजीत की घरातल्या मराठीत? आणि घरातल्या मराठीत तरी त्यासाठी शब्द आहेत काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा शेवटचा प्रश्न आहे.

विषय वैद्यकाचा आहे, वाङ्मयसमीक्षेने त्यात का पडावे, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिचे उत्तर आकड्यांनी देता येत नाही, पण आकडे डोळ्यांआड करूनही चालणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आपले जीवन संपवले. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यवार पाहता महाराष्ट्राचा आकडा, २२,७४६, सर्वांत मोठा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले आणि २०३० पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रतिबंधाचे उपाय त्या त्या समाजाच्या संस्कृतीला धरून असावेत, असे आता सर्वत्र बोलले जाते. बोलणे योग्यच आहे. तथापि 'संस्कृतीला धरून' म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगावयाचे? संस्कृती मुख्यतः भाषेत नांदते. ती भाषा पारखण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे त्यांनी ह्या प्रश्नापासून दूर राहणे म्हणजे आपल्याच कामापासून दूर राहणे होय.

प्रथम शब्दच पाहू. 'आत्महत्या' ह्या शब्दात हत्या आहे; म्हणजे गुन्हा आहे, आणि जो मेला तोच मारेकरी आहे. 'आत्मघात' त्याहून फारसा सौम्य नाही. बोलीकडे वळले की चित्र पालटते. 'जीव दिला' ह्या प्रयोगात देणे आहे. पण कोणाला दिला, कशापायी दिला, हे सांगितलेले नाही. 'जिवाचं बरंवाईट करून घेतलं' ह्यात तर बरे आणि वाईट दोन्ही एका दमात येतात. बोलणाऱ्याला तो उच्चार असह्य झाला म्हणून त्याने शब्दांवर पदर ओढला, हे उघड दिसते. ह्या सर्वांहून मला महत्त्वाचा वाटतो तो 'जीव नकोसा होणे' हा प्रयोग. त्यात कृत्य नाही, अवस्था आहे. आणि अवस्था असल्यामुळे ती पालटण्यास वाव आहे. 'नकोसा' मधील तो 'सा' फार मोलाचा आहे. नको आणि नकोसा ह्यांमध्ये जे अंतर आहे, नेमक्या त्या अंतरात दुसऱ्या माणसाला पाऊल ठेवता येते. वैद्यकाने घडवलेला 'नैराश्य' हा शब्द शास्त्रीय दृष्ट्या निर्दोष असेल, पण त्याला हे जमत नाही. खेड्यातील मुलगी 'मला नैराश्य आले आहे' असे कधी म्हणणार नाही. ती 'मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो', फार तर 'टेन्शन आलंय' असे म्हणेल. पंचकुल्याकडची तिच्या वयाची मुलगी 'जी नहीं लगता' म्हणेल. 'जीव' आणि 'जी' ही सख्खी भावंडे आहेत, हे तेथील समुपदेशकास कोणी सांगितले तर ते वाया जाणार नाही.

वृत्तपत्रांनी मात्र ह्या बाबतीत भाषेची मोठी हानी केली आहे. 'टोकाचे पाऊल उचलले' हा त्यांचा ठरीव वाक्प्रचार. पाऊल उचलणे ह्यात धैर्य सूचित होते. त्यापुढे 'नापास झाल्याच्या नैराश्यातून' असे एक कारण जोडले की बातमी पुरी होते. एका मरणाला एकच कारण असावे, हा हिशेब वृत्तपत्राचा आहे, जीवनाचा नव्हे. बातमीतून साधनाचा व ठिकाणाचा तपशील, ठळक मथळे आणि एका ओळीचे कारण काढून टाकल्याने काय होते ते व्हिएन्ना शहरात दिसून आले. तेथे १९८७ साली वृत्तपत्रांनी वार्तांकनाचे नियम स्वीकारल्यावर त्या वर्षाच्या उत्तरार्धात भुयारी रेल्वेवरील अशा घटना फार मोठ्या प्रमाणात घटल्या. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये तसे नियम घालून दिले आहेत. मराठी पत्रे ते किती पाळतात, हे कोणत्याही दिवशीचा अंक उघडून वाचकांनी स्वतःच ठरवावे.

शब्दांतली हत्या कायद्यातही होती. भारतीय दंड संहितेच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसास एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा सांगितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली, न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांच्या निकालपत्राने, हे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच म्हटले, पण १९९६ मध्ये पंजाबातून आलेल्या ज्ञान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम पुन्हा वैध मानले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न सोडल्यास तो गुन्हा उरलेला नाही. कायद्याला येथवर येण्यास इतकी वर्षे लागली. ह्या प्रवासाच्या कितीतरी अगोदर एका मराठी नाटकाने हा सारा प्रश्न रंगमंचावर मांडून ठेवला होता.

ते नाटक म्हणजे १९६७ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. ह्या नाटकावर विपुल लिहिले गेले आहे. लीला बेणारे ही पुरुषी व्यवस्थेची बळी, हा त्या लेखनाचा मुख्य सूर, आणि तो खोटा नाही. तथापि त्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. खेळातल्या त्या खटल्यात बेणारेच्या विरुद्ध जे पुरावे जमा होतात त्यांत तिच्या कोवळ्या वयातील मरणाच्या प्रयत्नाची हकीकतही आहे. कर्णिक ती कोठून तरी ऐकलेली गोष्ट साक्ष म्हणून सांगतो आणि सुखात्मे वकील तिचा उपयोग आरोप बळकट करण्यासाठी करतो. तिच्या पिशवीत विषाची बाटली सापडते, तीसुद्धा पुराव्याचीच वस्तू ठरते. एक मुलगी पंधराव्या वर्षी मामाच्या विश्वासघाताने मोडून पडली होती, आणि आज तीच बाई पुन्हा त्याच कड्यावर उभी आहे, हे त्या दालनातील प्रत्येकाला आता ठाऊक झालेले असते. पण 'तू आत्ता कशी आहेस?' हा साधा प्रश्न एकालाही सुचत नाही. दुःखाची खूण दिसताच तिची नोंद दोष म्हणून होते, ह्यापरते त्या समाजाचे निदान कोणते?

आणि मग ते प्रसिद्ध स्वगत येते. तंत्राच्या दृष्टीने त्याची वाखाणणी झाली आहेच. मला त्याची नाट्यगत जागा अधिक बोलकी वाटते. आरोपीला निवेदनासाठी काही सेकंद दिले जातात, बाकीची पात्रे निश्चल होतात आणि बेणारे बोलू लागते. ती काय बोलते ते प्रेक्षक ऐकतात, कोर्ट ऐकत नाही. वेळ संपली असे जाहीर होते आणि कामकाज पुढे चालू. तेंडुलकरांनी येथे कोणताही उपाय सुचवलेला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हे. परंतु ऐकणारे कोणीच नसताना बोलणे म्हणजे काय, हे त्यांनी इतक्या उघडपणे दाखवले आहे की प्रतिबंधाच्या कार्यात पडणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे नाटक एकदा ह्या दृष्टीने वाचावे असे मी म्हणेन. सुलभा देशपांडे ह्यांची भूमिका गाजली. ती पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला आपणही त्या निश्चल पात्रांपैकीच एक असल्याचे जाणवले असेल तर नाटक सार्थकी लागले.

ह्याच्या अगदी उलट टोकाला मरणाचे वैभव गाणारे वाङ्मय आहे. त्याचा विचार करताना ग्योटेचे उदाहरण टाळता येत नाही. तरुण वेर्थरची दुःखकथा १७७४ साली निघाली, तिचे अनुकरण होते अशी ओरड झाली आणि लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी आली. ग्योटेने पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत, आपल्या मागे येऊ नका, अशा आशयाचा इशारा नायकाच्या तोंडून पद्यात घातला. लेखकाने आपल्याच कृतीला घातलेले हे कुंपण कलेच्या दृष्टीने विजोड असेल, पण त्यामागची काळजी खरी होती. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अनुकरणाच्या ह्या प्रकाराला वेर्थरचेच नाव दिले. पुढे २०१० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी ह्याची दुसरी बाजू दाखवली. संकटातून माणूस सावरल्याची हकीकत वाचनात आली तर तिचा परिणाम उलट, म्हणजे रक्षणाचा होऊ शकतो. त्यांनी ह्या परिणामाला मोझार्टच्या संगीतिकेतील पापागेनोचे नाव दिले, कारण त्या भोळ्या पारध्याला तीन मुले त्याच्याजवळच्या घंटांची आठवण करून देतात आणि तो परत फिरतो.

पंचकुला-चंदीगडच्या परिसरात वेर्थरची जागा शिवकुमार बटालवी ह्यांनी घेतली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९६७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार 'लूणा' ह्या काव्यनाट्याबद्दल मिळवणारा हा पंजाबी कवी काही काळ चंदीगडात बँकेत नोकरीस होता आणि १९७३ साली, सदतिसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, आजाराने गेला. भर तारुण्यात मरण यावे अशी आस व्यक्त करणारे त्याचे गीत आजही तेथील तरुण तन्मयतेने गातात. कवी गेला तोही तरुणच, त्यामुळे गीत आणि चरित्र ह्यांची सांगड लोकमानसाने घालून टाकली. आपणही बालकवींच्या बाबतीत तेच केले आहे. ५ मे १९१८ रोजी खानदेशात भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. त्यानंतर त्यांच्या उत्तरकालीन कवितेतील उदासीनता वाचताना तो अपघात आपल्या मनात डोकावल्यावाचून राहत नाही, आणि उदासीनतेलाच एक दैवी तेज चढते. असल्या वाचनाने कविता मोठी होत नाही. 'औदुंबर'चे सामर्थ्य तिच्या प्रतिमांच्या आटोपशीर रचनेत आहे. कवीच्या मृत्यूकडून तिने ते उसने घेतलेले नाही. सरस्वतीच्या खऱ्या पुत्राने अल्पायुषी असावे, ही कल्पना वर्गात शिकवणाऱ्या अध्यापकाने तरी सोडून द्यावी. समोर बसलेल्या साठ मुलांत एखादे मूल ती शब्दशः घेणारे असू शकते.

अकाली मरणाला मान देणारे शब्द आपल्या परंपरेतही आहेत : समाधी, प्रायोपवेशन, जोहार. सावरकरांनी १९६४ साली आत्महत्या आणि आत्मार्पण ह्यांत भेद करणारा लेख लिहिला. जीवितकार्य पूर्ण झालेल्या वृद्धाने देह ठेवणे ही वेगळी गोष्ट, अशी त्यांची भूमिका. ती मान्य असो वा नसो, तिच्यात 'कार्य पूर्ण झालेले' ही अट आहे, हे लक्षात घ्यावे. पंधरा-वीस वर्षांच्या जिवाला ती अट कधीच लागू पडत नाही. पण मानाचे शब्द अटींसह प्रवास करीत नाहीत. अटी मागे पडतात, तेज तेवढे पुढे जाते.

रंगभूमीवरील एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. हॅम्लेटचा जगण्या-मरण्याचा प्रश्न आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' मधून मराठीत आणला आणि गणपतराव जोश्यांनी तो घरोघर पोहोचवला. १९७० साली शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' मध्ये तोच प्रश्न गणपतराव बेलवलकरांच्या तोंडी आला आणि आता मराठी माणसाला तो हॅम्लेटचा न वाटता आपलाच वाटतो. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत ते स्वगत म्हणणारी मुले दरवर्षी दिसतात. शब्दांची घनगर्जना, आवाजाचा चढउतार, टाळ्या, पारितोषिक! वृद्ध नटाचे ते दुःख सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडी कसे शोभते, हा प्रश्न परीक्षकांना पडत नाही. पडावयास हवा असे मला वाटते. तथापि माझा आक्षेप त्या स्वगताला नाही, आपल्या कानांना आहे. तोच मुलगा स्पर्धा संपल्यावर अडखळत, विनाअलंकार, स्वतःच्या मोडक्या शब्दांत काही सांगू लागला तर ऐकण्यास आपल्यापैकी कोण थांबतो? मरणाच्या उदात्त भाषेवर आपण इतके प्रेम केले की त्याच्या केविलवाण्या भाषेची ओळखच उरली नाही.

ती ओळख ज्या कादंबरीने करून दिली तिच्याकडे ह्या नजरेने क्वचितच पाहिले गेले आहे. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा तिच्या भाषेने काहींना चकित केले, काहींना संतप्त. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकावयास जातो, पैसा आणि वर्षे उधळतो, परीक्षांत अपयशी ठरतो. मनी ही धाकटी बहीण मरते, आणि त्या मृत्यूने त्याच्या ठायी जे काही उरले होते तेही ढासळते. शेवटी तो गावी परततो. कथानक म्हणून हाती एवढेच लागते. एखाद्या मध्यम लेखकाने ह्या सामग्रीतून नायकाचा आत्मघात हमखास काढला असता आणि वाचकांनी अश्रूही ढाळले असते. नेमाडे ती सोपी वाट घेत नाहीत. सांगवीकर निरर्थकतेच्या अगदी काठाशी जातो आणि जिवंत राहतो. कशाच्या बळावर? तत्त्वज्ञानाच्या नव्हे, धर्माच्या नव्हे, प्रेमाच्याही नव्हे. माझ्या मते तो बोलण्याच्या बळावर तरतो. त्याचे ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे केवळ शैलीचे चाळे नव्हेत. 'उदाहरणार्थ' म्हटले की आपले दुःख अनेकांतील एक होते. 'वगैरे' म्हटले की त्याच्या पुढेही काही शिल्लक राहते. वाक्य संपत नाही, आणि वाक्य संपत नाही तोवर बोलणारा आहे. नापास होऊन बापाच्या घरी परतणे ही आपल्या समाजात मरणाहून कठीण मानलेली गोष्ट. ती करूनही माणूस जगतो, चिडतो, हसतो, गावगाड्यातल्या लोकांच्या कहाण्या ऐकतो, हे सहा दशकांपूर्वी एका पंचविशीतल्या लेखकाने लिहून ठेवले आहे. मराठीतील पापागेनो शोधावयाचा असेल तर तो असा रुक्ष, तिरकस, कोणालाही बोध न करणारा आहे.

ह्या बोलण्याची जुनी घरे आपल्याकडे होती. तुकोबांची गाथा घ्या. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बायको आणि मूल गेलेला, व्यापार बुडालेला हा तरुण मनुष्य आपल्या मनाशी आणि विठ्ठलाशी ज्या तोंडाने भांडतो, ते भांडण भक्तीच्या सोज्ज्वळ आवरणाखाली झाकण्याची घाई निरूपणकारांनी केली आहे. भांडणारा माणूस समोर कोणी आहे असे मानूनच भांडतो, आणि संकटात सापडलेल्याला ह्या मानण्याचाच आधार असतो. रामदासांचे मनाचे श्लोक दोनशे पाच. सगळे मनाला उद्देशून. ते पाठ करून घेणारे पुष्कळ, पण आपल्याच मनाला हाक मारून त्याच्याशी बोलता येते ही त्यांतील युक्ती मुलांना सांगणारे थोडे. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्याची संस्था चालवणारे मनोविकारतज्ज्ञ व नाटककार आनंद नाडकर्णी ह्यांनी संतवचने आणि आधुनिक विवेकनिष्ठ उपचार ह्यांची जी सांगड घातली ती ह्यामुळेच पोकळ वाटत नाही.

त्याहून जवळचे घर जात्याचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ ह्यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ह्या ओव्यांतील सासुरवाशिणीची गाऱ्हाणी सर्वांना ठाऊक आहेत. ती म्हणण्याची रीत मात्र विसरली गेली. पहाटेच्या काळोखात एका खुंट्याला पुष्कळदा दोघींचे हात असत. एकीने म्हणावे, दुसरीने ऐकावे, मग दुसरीने म्हणावे. ऐकणारी उपदेश करीत नसे, ती दळीत असे. गिरणी आली आणि कष्ट वाचले, ते वाचावयासच हवे होते. पण समोरासमोर बसण्याची ती जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणी दिली नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत गेल्या दशकात 'विश्राम' नावाचा जो उपक्रम झाला त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच, थोडे प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी घरोघर जाऊन बोलावे, ही त्याची मुख्य रीत. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले, आणि मरणाचे विचार आल्याचे सांगणारे शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने सारे श्रेय उपक्रमालाच देता येत नाही. पण वऱ्हाडी बोलणाऱ्याला वऱ्हाडीत ऐकणारा मिळाला, ही गोष्ट आकड्यांवाचूनही कळण्यासारखी आहे.

येथे एक सावधगिरी घ्यावयास हवी. संस्कृतीला धरून चालणे म्हणजे संस्कृतीची आरती ओवाळणे नव्हे. २०१९ साली मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आदिवासी तडवी समाजातील तरुण डॉक्टर मुलीने जीव दिला, तेव्हा सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला व खटला उभा राहिला. तिला ओव्या किंवा मनाचे श्लोक ऐकवून काय साधले असते? तिच्या भोवतीचे टोमणेही शुद्ध मराठी संस्कृतीतूनच आलेले असणार. जी भाषा 'जीव नकोसा' म्हणते तीच भाषा 'तुझी लायकी काय' असेही म्हणते. हरियाणाच्या खेड्यांत पंचायतींच्या धाकाने प्रेम करणाऱ्या जोडप्यांच्या वाट्याला जे येते, तेही परंपरेच्याच नावाने. म्हणून केवळ दुखावलेल्याला शब्द पुरवून भागत नाही; दुखावणाऱ्याच्या तोंडातले शब्दही तपासावे लागतात. दलित आत्मकथनांनी हे दुसरे काम मराठीत केले आहे. त्यांचे विद्यापीठीय वाचन 'विद्रोह' ह्या एका शब्दाशी थांबते. अपमानाच्या रोजच्या माऱ्यात एक मूल वसतिगृहात कसे तगून राहिले, ह्या प्रश्नाने ती वाचावयाची अजून राहिलीच आहेत.

शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा दूरध्वनी क्रमांक सुरू केला आहे आणि त्यावर मराठीतूनही बोलता येते. चंडीमंदिरातील मुलालाही ते शक्य आहे. पण दूरध्वनीच्या त्या टोकाला बसलेल्या समुपदेशकाच्या हाती आज आपण कोणता मराठी ग्रंथ देऊ शकतो? आपल्या शब्दकोशांत राज्यकारभाराचे, शेतीचे, नौकानयनाचे शब्द जमा झाले. खानदेशात, वऱ्हाडात, कोकणात, बेळगावकडे जीव गुदमरतो तेव्हा माणसे काय म्हणतात, कोणत्या शब्दांनी ती मदत मागतात आणि कोणत्या शब्दांनी ती मागणे टाळतात, ह्याचा संग्रह मात्र झालेला नाही. हे काम भाषाशास्त्र, लोकसाहित्य आणि मानसशास्त्र ह्या तीन विभागांनी एकत्र बसून करावयाचे आहे. आरंभ राईरकर-पॉइटव्हँ संग्रहातील ओव्यांपासून करता येईल. त्या हाताशी आहेत, आणि त्यांतील किती ओव्या जीव नकोसा झाल्याच्या आहेत व किती त्यानंतरच्या, एवढे नुसते वेगळे काढले तरी पहिला खंड तयार होतो.